कॉफीच्या दुकानातले दोन टक्के

नुंगंबाक्कममधल्या त्या कॉफीच्या दुकानात मी पाच वर्षं जाते आहे. दुकान जेमतेम आठ फूट रुंद. पुढे लाकडी काउंटर, मागे भाजलेल्या बियांचे पत्र्याचे डबे, त्यामागे दळायचं यंत्र. काउंटरवर मामा, यंत्रापाशी मामी. दोघंही सत्तरीच्या पुढची. माझं त्यांच्याशी नातं काही नाही. चेन्नईत या वयाच्या जोडप्याला गल्लीतले सगळेच मामा-मामी म्हणतात.

काउंटरवर कार्डाच्या मशीनला टेकवून एक पुठ्ठा ठेवलेला असे. त्यावर तमिळमध्ये आणि इंग्रजीत हाताने लिहिलं होतं : कार्ड दिल्यास दोन टक्के जादा.

पहिल्या दिवशी मी अर्धा किलो पूड घेतली. चारशे रुपये झाले. कार्ड दिलं, मामांनी चारशे आठ घातले. स्लिप बाहेर येत असताना सांगलीहून आईचा फोन आला. "कॉफी घेतेय गं, घरी जाऊन करते," एवढंच मी बोलले. मामांनी मान वर केली. स्लिप फाडली, व्यवहार रद्द केला आणि मशीनवर पुन्हा आकडे दाबले. या वेळी चारशे.

"आधी बोलायचं नाही का?" ते मराठीत म्हणाले. "घरच्या माणसाकडून मशीनचं भाडं कोण घेतं?"

त्यांची मराठी तंजावरची होती. कित्येक पिढ्यांपूर्वी त्यांचे पूर्वज दक्षिणेत आले आणि तिथेच राहिले. वाक्य मराठी, त्याची चाल तमिळ. 'काय हवं' असं ते म्हणत नसत, 'काय होणां' म्हणत. महाराष्ट्र त्यांनी पाहिलेला नव्हता. त्याविषयी त्यांचं मत मात्र पक्कं होतं.

"तिकडं लोक चहा पिऊन जगतात म्हणे. खरं?"

"खरं."

"पाप," मामा म्हणाले.

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी मी जात राहिले. ठरलेलं मिश्रण : पीबेरीच्या गोल बिया, पंधरा टक्के चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती स्वस्त मुळांची पूड. मामा आधी विचारत, "काय होणां?" मग वजन करता करता, "सांगली काय म्हणते?" मी काही सांगे. पाऊस, आईचे गुडघे, भावाची बदली. ते लक्ष देऊन ऐकत. मध्येच एखादा शब्द थांबवून, "हे अमच्याकडं वेगळं म्हणतात," असं सांगत. त्यांची नात इंग्रजीत बोलायची, मुलगा तमिळमध्ये. मराठी बोलायला घरात एक मामी उरल्या होत्या, आणि त्या दिवसभर यंत्राच्या आवाजात उभ्या.

ते आठ रुपये देण्याचा मी दोनदा प्रयत्न केला. दुसऱ्या वेळी यंत्र बंद होतं आणि मामींनी मागून सांगितलं, "राहू दे हो. ह्यांना बोलायला माणूस होणां. आठ रुपयांत स्वस्त पडतं."

मी या शहरातल्या एका इंग्रजी वर्तमानपत्रात व्यापाराच्या पानासाठी काम करते. तिसऱ्या वर्षी पानाला एक बातमी हवी होती : कार्डाच्या व्यवहारावर बँक दुकानदाराकडून आकार कापते, तो छोटे दुकानदार कसा सोसतात. मी चार दिवस हिंडले. एका औषधवाल्याने पाचशेच्या खाली कार्ड घेणं बंद केलं होतं. एक मोबाइलवाला डेबिट कार्डाला काही लावत नव्हता, क्रेडिट कार्डाला दोन टक्के लावत होता. हार्डवेअरच्या दुकानदाराने सगळ्याच मालाचे भाव किंचित वाढवले होते आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. एका साडीवाल्याची पाटी होती, 'रोखीला दोन टक्के सूट'. "गोष्ट तीच," तो म्हणाला, "पण असं लिहिलं की गिऱ्हाईक भांडत नाही." बँकेशी झालेल्या करारात हा आकार गिऱ्हाइकाकडून घ्यायचा नाही असं लिहिलेलं असतं, हे बहुतेकांना ठाऊक होतं. करार मात्र बँकेने कोणाला वाचून दाखवला नव्हता.

मामांनाही मी विचारलं. बातमीसाठी विचारते आहे, असं सांगूनच विचारलं. ते म्हणाले, "वीस टक्के चिकोरी घातली तर कोणी भांडत नाही. दोन टक्क्यांना भांडतात." किलोमागे त्यांना सुटतं किती, त्यातून बँकेला जातं किती, हे त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. कागद बरोबर होता.

बातमीत एक परिच्छेद मी त्यांच्यावर लिहिला. दुकानाचं नाव दिलं नाही. 'नुंगंबाक्कममधला एक कॉफीविक्रेता कार्डावर दोन टक्के घेतो; मात्र त्याच्या मातृभाषेत बोलणाऱ्यांना ते माफ आहेत.' वाचकाला रंजक वाटेल म्हणून ते वाक्य ठेवलं. डेस्कवर सगळ्यांना ते आवडलं.

बातमी आली त्याच आठवड्यात मी दुकानात होते. समोरच्या इमारतीतल्या एक निवृत्त शिक्षिका आल्या. गल्ली त्यांना टीचर म्हणे. महिन्याच्या सुरुवातीला पेन्शन जमा झाली की त्या कार्डाने कॉफी घेत. त्यांनी पर्समधून कात्रण काढून काउंटरवर ठेवलं. बोलणं तमिळमध्ये झालं. मला बोलता येत नसे, पण कळत होतं.

"मामा, हे दुकान हेच ना?"

मामांनी कात्रण वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. "हेच."

"म्हणजे तीस वर्षं तुमची कॉफी पिऊन मी परकी. आणि काल आलेली माणसं घरची."

"मशीन येऊन तीस वर्षं कुठं झाली, टीचर?" मामी मागून म्हणाल्या.

"मला हिशेब नका शिकवू, मामी. मी आयुष्यभर गणितच शिकवलंय." त्या पुन्हा मामांकडे वळल्या. "तुमच्या मुलाला मीच शिकवलं. तुमच्या ऑपरेशनच्या वेळी हॉस्पिटलात डबा कोण आणत होतं? चार रुपयांचं मी बोलत नाही. तुम्ही दर महिन्याला मला बाहेरची म्हणत होतात आणि मी सही करत होते."

मामांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. बातमी मी लिहिली, हे त्यांनी टीचरना सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. त्यांनी पुठ्ठा उचलला, मधोमध दुमडला आणि काउंटरखालच्या टोपलीत टाकला.

"आजपासून कोणाकडूनच नाही," ते म्हणाले. मग हात जोडले. टीचरनी कात्रण घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि नेहमीची पाव किलो पूड मागितली. चारशेची अर्धी, दोनशे. मशीनवर तेवढेच उमटले.

माझी पाळी आली. मी मराठीत मागितलं. मामांनी वजन केलं, रक्कम सांगितली. तमिळमध्ये.

वाटलं, टीचर अजून दारात आहेत म्हणून असेल. पंधरा दिवसांनी गेले तेव्हाही तमिळच. त्यानंतरही. तिसऱ्या वेळी दुकानात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मी विचारलं, "मामा, माझ्यावर रागावलात?"

"राग कसला?" ते तमिळमध्येच म्हणाले, सावकाश, मला समजावं म्हणून. "काउंटरवर मी काय बोलतो ते दारात येणाऱ्या प्रत्येकाला कळलं पाहिजे. तुम्ही लिहिलंत ते खरंच होतं."

खोटं लिहिलं असतं तर दुरुस्ती छापता आली असती. वर्तमानपत्रात त्याची रीत आहे : पानाच्या तळाशी चौकट, दोन ओळी, दिलगिरी. मी बातमी पुन्हा काढून वाचली. दर बरोबर, करारातली अट बरोबर, माणूस बरोबर. दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

बँकेचा आकार आता मामांच्या खिशातून जातो. भाव त्यांनी वाढवलेले नाहीत. मी कार्ड देणं सोडलं. फोनवरून पैसे पाठवते, त्यावर त्यांचं काही कापलं जात नाही. पैसे पोचले की काउंटरवरचा छोटा स्पीकर रक्कम तमिळमध्ये मोठ्याने सांगतो. मामी अजूनही मान हलवून हसतात, पण यंत्र चालू असलं की त्यांचा आवाज काउंटरपर्यंत पोचत नाही, आणि गिऱ्हाईक असताना यंत्र चालूच असतं.

दुसरीकडे कॉफी मिळते. माझ्या घराजवळच एक मोठं दुकान आहे, तिथे कार्डावर काही घेत नाहीत आणि पीबेरीही चांगली असते. मी एकदा आणून पाहिली. आई फोनवर म्हणाली, "अगं, तुझे ते कॉफीवाले मामा काय म्हणतात?" मी म्हटलं, "बरे आहेत." पुढच्या पंधरवड्याला पुन्हा नुंगंबाक्कमला गेले.

दोन वर्षांत माझी तमिळ सुधारली. गेल्या महिन्यात सगळी मागणी मी तमिळमध्येच केली : अर्धा किलो, पीबेरी, पंधरा टक्के चिकोरी. न अडखळता. मागे टीचर उभ्या होत्या. त्या मोठ्याने हसल्या.

"मामा, ऐकलंत? ही आता घरचीच झाली."

"झाली," मामा तमिळमध्ये म्हणाले आणि पाकिटाला दोरा बांधला.

यंत्र थांबलं होतं. मी पाकीट घेऊन तिथेच उभी राहिले. आईचा दुसरा गुडघाही आता दुखतो, भाऊ बदली होऊन परत सांगलीला आलाय, यंदा पाऊस लवकर आला. सांगण्यासारखं बरंच होतं. मामांनी टीचरच्या पावकिलोसाठी तराजूत वजन ठेवलं. सांगली काय म्हणते, ते त्यांनी विचारलं नाही.