चौदा नंबरचा लूम

मास्तरांचा डावा हात कधी रिकामा बसलेला तुम्हाला दिसला नसता. चहाची बशी असो, खुर्चीचा हात असो, नाहीतर माझी पाठ. त्यावर बोटं आठ पावलं चालायची आणि परत पहिल्यापासून. मी मान वळवली की म्हणायचे, "थांबू नका मिस्त्री, तुमचं चालू द्या."

सत्तरच्या दशकातली गोष्ट. धामणकर नाक्याजवळच्या कारखान्यात मी कापड विणायचे लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करायचो आणि मास्तर आमच्या डोक्यावर, माळ्यावरच्या खोलीत राहायचे. शाळेत संगीत शिकवायचे. त्यांचा जुना पियानो आम्ही अकरा जणांनी दोरखंड लावून खिडकीतून वर घेतला होता. खिडकीची चौकट गेली, पियानो वाचला.

त्यांनी एक रचना लिहिली होती. युरोपात तीनशे वर्षांपूर्वी म्हणे अशी रीत होती: डाव्या हाताने शेवटपर्यंत तेच आठ सूर वाजवायचे, उजव्याने दर फेरीला नवं काही सांगायचं. पासाकाल्या म्हणतात तिला. सांगाडा जुना, पण मास्तरांचे सूर आजचे, एकमेकांना टोचणारे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तेलाचा डबा घेऊन वर गेलो. मास्तर पोट धरून हसले. "बिघाड नाही तो, मिस्त्री. मुद्दाम केलाय."

महिनाअखेरीस ते शाळा सोडून बहिणीकडे वसईला जाणार होते. आयुष्यात एवढी एकच रचना पुरी झाली, ती जाण्याआधी एकदा माणसांपुढे वाजवायची, एवढंच त्यांना हवं होतं. आम्ही लगेच शुक्रवार ठरवला. सुट्टीचा वार, लूम बंद, मास्तरांना शांतता. किती विचारी माणसं आम्ही!

दुपारची नमाज आटोपून कारखान्याचे सेठ आले, कारागीर आले, पार जिन्यापर्यंत दाटी झाली. मास्तरांनी सुरुवात केली. दुसऱ्या फेरीत डावा हात अडखळला. पुन्हा सुरुवात, पुन्हा तेच. मग त्यांनी हात मांडीवर ठेवले. कानांच्या पाळ्या लाल झालेल्या.

सेठ माझ्या कानाशी पुटपुटले, "तबियत खराब है क्या?"

तेवढ्यात मला मास्तरांची टाच दिसली. ती फरशीवर काहीतरी चाचपत होती. रोज ती फरशी थरथरायची, आज गार पडली होती. सात वर्षं त्यांनी ही रचना आमच्या लूमच्या ठोक्यावर घोटली होती आणि आम्ही नेमका तोच काढून घेतला होता!

मी सेठना हळूच सांगितलं. शुक्रवारी लूम लावणं त्यांच्या वडिलांच्या काळापासून कधी घडलं नव्हतं. त्यांनी टोपी नीट केली. "एक. बस, एक ही."

मी खाली धावलो आणि चौदा नंबर सुरू केला. पुढचं सगळं मी त्याच्याजवळ उभं राहूनच ऐकलं; मध्येच धागा तुटून लूम थांबला असता तर? डावा हात एकदाही चुकला नाही. उजवा काय काय बोलत होता, ते मला अर्धंच कळलं. शेवटी वर सगळे एकदम उठले, छतातून धूळ पडली, आणि खाली मी एकटाच टाळ्या वाजवत राहिलो.

जाताना मास्तरांनी हाताने लिहिलेली प्रत मला दिली. वर अर्पण: 'चौदा नंबरच्या लूमला.' बघा, मिस्त्रीला नाही, लूमला! मी आठवडाभर रुसलो होतो.

तो लूम पुढे भंगारात गेला. मास्तरही गेले. कागद माझ्या भिंतीवर आहे. त्यातलं मला काही वाचता येत नाही. फक्त खालच्या ओळीत तेच आठ ठिपके परत परत येतात, तेवढे ओळखतो. चहाची बशी समोर आली की माझा डावा हात आपोआप चालायला लागतो.