आईच्या खोलीतली पोटदुखी

रिसोडजवळच्या निवासी शाळेतून फोन आला, तेव्हा मी वाशिमला भाजी निवडत होते. "ताई, तुमच्या आई..." एवढं बोलून शिपाईमामा रडायलाच लागले. शेवटी मीच त्यांची समजूत घातली. सख्खी मुलगी मी, आणि माझ्याआधी रडले ते! दुःख व्हायच्या आधी माझा जळफळाट झाला.

आई त्या शाळेची नर्स. ती तिथल्याच क्वार्टरमध्ये राहायची आणि मी वाशिमला मावशीकडे. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गेले की तिच्या दाराशी मुलांची रांग लागे. कुणाचं पोट, कुणाचं डोकं; ताप कुणालाच नाही. मुख्याध्यापक म्हणत, "कायले लाड करून राह्यल्या, सिस्टरबाई? गोळी द्या अन् वर्गात धाडा." आई गोळी देत नसे. गॉजचं कापड पुढ्यात टाकून ड्रेसिंगच्या घड्या घालायला लावायची. विचारायची काहीच नाही. हात चालू लागले की पोर आपणहून बोलू लागे... "मायचा फोनच लागत नाई." मग ती कुठून कुठून नंबर मिळवून त्या माउलीला गाठायची. माझ्या शाळेला सुट्टी असली अन् मी तिथे गेले की उंबऱ्यात बसून हे सगळं पाहायची आणि मनातल्या मनात त्या पोरांशी भांडायची.

एकदा मीही मावशीच्या फोनवरून सांगितलं, "आई, पोट दुखते." ती म्हणाली, "ओवा खाय थोडा, बरं वाटते." साऱ्या तालुक्याच्या लेकरांचं पोट तिला कळायचं, माझंच तेवढं वाताचं! अजूनही ओव्याचा वास आला की माझं डोकं फिरतं.

तेरवीनंतर नव्या नर्सचा फोन आला. "ताई, ट्रेनिंग झालं माह्यं. पण लेकरं माह्यापाशी बोलूनच नाई राह्यले. सिस्टरबाई कशा करत, दाखवता काय मले?" मला संताप आला. आईच्या मदतीला कधी कुणी आलं नाही. आठवडाभर परक्यांचं ऐकून ती रविवारी मावशीकडे यायची, तेव्हा माझं ऐकायला तिच्यात त्राण उरलेलं नसे. आता हिला शिकवायचं, तेही मीच? पण हिचीही लहान मुलगी आजोळी ठेवलेली आहे, असं बोलण्यात आलं. म्हणून गेले.

खोलीत खाटेवर तिसरीतली एक मुलगी आधीच घड्या घालत बसली होती. मी नर्सला दाखवायला म्हणून शेजारी टेकले. मुलीने अर्धं कापड माझ्याकडे सरकवलं.

"तुमचं काय दुखते?"

"काही नाही," म्हणत मी घडी घालू लागले. एक झाली, दुसरी झाली...

"माझी आई गेली," मी म्हणाले.

"मालूम हाये. आमची बी गेली."

आमची! पुन्हा तोच जाळ उठला पोटात.

"माझी," मी म्हणाले. "माझी होती ती."

पोरीने वाद घातला नाही. ऐकून घेतलं.