चाळीसच्या दिव्यात शंभरचा बल्ब

“उजेड कमी पडतोय, भाऊ,” असं म्हणत चाचा आधी चष्मा पुसायचे, मग बल्ब. दोन्ही पुसून झाले की पुन्हा तेच वाक्य.

चिंचवडच्या बाजारात आमच्या खोलीला लागूनच त्यांचं शिलाईचं दुकान होतं. देहूरोडच्या लष्करी डेपोतल्या कामगारांचे खाकी कपडे ते शिवत. मशीनवर वायरीने टांगलेला पत्र्याच्या टोपीचा दिवाही त्याच डेपोच्या लिलावातला. मी पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात वायरमन होतो. त्यामुळे शेजाऱ्यांचे दिवे आणि बटणं हीसुद्धा माझीच ड्यूटी, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. शिफ्ट संपवून जरा पाठ टेकावी, तोच चाचांची हाक यायची.

त्यांचं गणित अजब होतं. डोळ्यांचा नंबर वाढला की लोक चष्मा बदलतात. चाचा बल्ब बदलत. पंचवीस वॅटचा चाळीस झाला, चाळीसचा साठ, आणि शेवटी शंभर. डॉक्टरकडे चला म्हटलं की ते दार लोटून घ्यायचे.

“हळू बोल. शिंप्याला दिसत न्हाई असं कळलं, तर उद्यापासनं कापड कोण टाकील माझ्याकडं?”

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल. त्याच्याशी वाद घालून शेवटी आपणच थकतो.

एका संध्याकाळी जळका वास आला म्हणून मी धावलो. दिव्याचा होल्डर करपला होता, वायरीवरचं सुती वेष्टण काळं पडून सुटलं होतं, आणि खाली खाकी कापडाचा ढीग. आणखी थोडा वेळ गेला असता तर दुकानाबरोबर आमची खोलीही गेली असती. मी चिडलोच.

“चाचा, दिव्यावर चाळीस लिहिलंय! त्याच्यापेक्षा मोठा बल्ब लावला की सगळी धग त्या टोपीत कोंडते. कितीदा सांगायचं?”

“लिवलेलं दिसत असतं,” ते म्हणाले, “तर शंभरचा लावला असता व्हय?”

मला हसू आलं आणि तिथेच विरलं. आतल्या दारात चाची काज-बटणांच्या सुयांत दोरा ओवून त्या सुया छोट्या उशीवर टोचून ठेवत होत्या. चाचांच्या उद्याच्या कामाची तयारी.

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना मी नवा होल्डर आणला. अंगात त्राण नव्हतं. तरी स्टुलावर चढून वायर बदलली, चाळीसचा बल्ब बसवला. चाचा मशीनपाशी बसून होते. मी बटण दाबलं. पिवळा उजेड त्यांच्या हातांवर आणि मांडीवरच्या कापडावर पडला.

चाचांनी गाल टोपीजवळ नेला. धग लागतेय का, ते बघत राहिले. मग हात वर करून पत्रा चाचपला.

“बसला का बल्ब?”

“बसला, चाचा.”

“मग लाव की, भाऊ.”