मुक्ताचं यंत्र आणि माझी तोंडी परीक्षा

फिट येणाऱ्या मुलांच्या आया दवाखान्याच्या एकाच बाकावर महिनोन् महिने बसल्या की किस्से साठतातच. रडून झालेलं असतं, नंबर लागायचा असतो, मग करणार काय?

माझी झोप मात्र एकाच प्रश्नाने उडवली होती. माझ्या आठ वर्षांच्या मुक्ताच्या छातीत, गळ्याच्या हाडाखाली, मुंबईला यंत्र बसवलं. त्याची वायर मानेतल्या नसेला. दर पाच मिनिटांनी करंट! फिट कमी होतील, मान्य. पण पोरीच्या डोक्याचं काय? तिला काही आठवेल ना?

डॉक्टर म्हणाले, "बुद्धी सहसा कमी होत नाही. काही मुलं उलट जास्त तरतरीत होतात. हिचं मात्र आत्ताच सांगता येणार नाही."

मी शिकलेली बाई. फक्त शेवटचं वाक्य घेऊन नाशकात परतले.

*

मग रोज तोंडी परीक्षा. मार्क लिहायला वही!

एकदा "सात पाचा..." म्हणून मुक्ता थांबली ती थांबलीच. अर्ध्या मिनिटाने घोगऱ्या आवाजात म्हणाली, "पस्तीस! करंट चालू असला की घसा धरतो गं, आई."

तोवर मी वहीत 'विसरली' लिहूनही टाकलं होतं.

*

बाकावरही मी सोडत नसे. "सोमवारी भाजी कुठली होती?"

"गिलकी."

बरोबर की चूक? मलाच आठवेना! शेजारी नातवाला घेऊन बसलेल्या सटाण्याच्या आजी म्हणाल्या, "तुनी पोर हुशार शे, माय. तूच येडी व्हई जाशी!"

*

यंत्रासोबत एक मॅग्नेट मिळतो. फिट आली की तो छातीवरून फिरवायचा, जादा करंट जातो, फिट लवकर आवरू शकते. म्हणून तो पट्ट्याने सतत मनगटावर बांधायचा.

एका गुरुवारी मुक्ताची नजर एकाच जागी खिळली, हात उडायला लागला. मी ड्रॉवर उपसले, फ्रिजवरचं सगळं खाली पाडलं. मॅग्नेट माझ्याच मनगटावर होता! सापडेपर्यंत फिट आपोआप थांबली होती.

कुणाला बोलले नाही. मुक्ताला तर फिटमधलं कधीच काही आठवत नसे. साक्षीदारच नाही!

*

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, "मॅग्नेट वेळेवर फिरवता ना?"

"लगेच!" मी म्हणाले. "गुरुवारी तर दोन सेकंदांत!"

मुक्ता स्टुलावर पाय हलवत बसली होती. करंट संपून तिचा आवाज मोकळा झाला.

"नाही. आई आधी देवापुढे बसून रडली. मग फ्रिजवर शोधलं. पट्टा तिच्या हातातच होता. मी तिला सांगत होते, पण माझा आवाजच येत नव्हता."