चार गाठी उघडेपर्यंत

"हे आमच्यानं होनार नाई, साहेब," असे म्हणून तुळशीराम जमादारांनी नाटकाचे कागद माझ्या हातात परत दिले. प्रयोगाला नऊ दिवस उरले होते. अकोल्याच्या फायर स्टेशनच्या शेडमध्ये तालीम चालू होती. बंब बाहेर अंगणात उभा होता आणि त्याच्या जागेवर खडूने स्टेज आखले होते.

मी एका दैनिकाचा अकोल्यातला रिपोर्टर होतो, नाटककार नव्हतो. हे काम माझ्याकडे नगरपालिकेच्या चीफ ऑफिसरांमुळे आले. शहराला आगीचा बंब एकच होता. दुसऱ्या बंबाची मागणी जुनी होती. तिची फाइल आधी नागपूरला होती, राजधानी बदलल्यावर ती मुंबईला गेली आणि तिथेच राहिली. त्या वर्षी अमरावतीला नगरपालिका कर्मचाऱ्यांची एकांकिका स्पर्धा होती. प्रमुख पाहुणे म्हणून, फाइल ज्या खात्यात अडकली होती त्याच खात्याचे डेप्युटी सेक्रेटरी येणार होते. चीफ ऑफिसर मला म्हणाले, तुम्ही आगीच्या बातम्या करता, बंबवाल्यांवर एक नाटक लिहा. साहेबांना आमचं काम डोळ्यांनी दिसू द्या, फाइल आपोआप हलेल.

मी चार दिवसांत नाटक लिहून दिले. जिनिंग फॅक्टरीत आग लागते. बंब येतो. मालक डोक्याला हात लावून बसलेला असतो. बंबवाले जिवावर उदार होऊन धुरात शिरतात, पाण्याचा मारा करतात आणि वीस मिनिटांत आग विझते. मालक जमादाराचे पाय धरतो. पडदा. मालकाचे काम जकात नाक्यावरचे कारकून देशपांडे करत होते. बंबवाल्यांचे काम बंबवालेच करत होते.

जमादारांची हरकत शेवटाला होती. बंबावरच्या माणसांचे ते प्रमुख, वय पन्नाशीच्या आसपास. मिशा पांढऱ्या, आवाज खाली. स्टेशनमध्ये ते फारसे बोलत नसत. बंबाच्या घरघरीत बोललेले ऐकू येत नाही, म्हणून त्यांची माणसे त्यांच्या हाताकडे बघून काम करत. हात वर गेला की पाणी सुरू, आडवा फिरला की पाणी बंद.

"आग विझली, मंग आमी निंगालो, असं लिवलं तुमी," ते म्हणाले. "गाठी कोन उघडन?"

इथे थोडे समजावून सांगावे लागेल. सरकीपासून वेगळी केलेली रुई मशीनमध्ये दाबून तिची गाठ बांधतात. वर गोणपाट आणि त्यावर लोखंडी पट्ट्या. अशा गाठीला आग लागली की वरची ज्वाळा पाण्याने लगेच बसते. पण रुई इतकी घट्ट दाबलेली असते की पाणी आत जात नाही. ठिणगी मात्र आत जाते आणि धूर न काढता जळत राहते. म्हणून बंबवाल्यांची रीत अशी की प्रत्येक गाठीच्या पट्ट्या तोडायच्या, रुई ओढून काढायची आणि पार मध्यापर्यंत हात घालून बघायचे. हाताला गार लागले की ती गाठ सुटली. जमादारांच्या शब्दांत, "गाठ वरून इझते, पोटातून जयत राह्यते."

मी त्यांना सांगितले की हे खरे आहे, पण ते नाटक नाही. गाठी उघडताना बघायला लोक तिकीट काढत नाहीत. शिवाय स्पर्धेत चाळीस मिनिटांची मर्यादा होती. शेवटी मी तडजोड सुचवली. मालक पाय धरतो तिथे पडदा पाडू, पडद्यामागे तुम्हाला हव्या तेवढ्या गाठी उघडा. जमादारांनी कागद पुन्हा हातात घेतले. मग म्हणाले, "बरं." मी ते होकार म्हणून घेतले.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरलो आणि तिथून टांग्यांनी अमरावतीत गेलो. चार गाठी आदल्या दिवशीच ट्रकने गेल्या होत्या. त्या नाटकापुरत्या हाताने बांधलेल्या, आकाराने निम्म्या होत्या, पण रुई आणि पट्ट्या खऱ्या होत्या. एका जिनिंगवाल्या शेठजींनी त्या उसन्या दिल्या होत्या. धुरासाठी गाठींच्या मागे धुपाटणे ठेवले होते. पडद्याची दोरी गफूरभाईंकडे होती. गफूरभाई स्टेशनमधले पंपमन, म्हणजे बंबाचा पंप चालवणारा माणूस. या नेमणुकीत काही चूक आहे असे मला तेव्हा वाटले नाही.

आमचा प्रयोग दुपारी तीनला सुरू झाला. डेप्युटी सेक्रेटरी पहिल्या रांगेत होते. देशपांड्यांनी मालक छान वठवला. लाल दिवे लागले, धूर झाला, बंबवाले धुरात शिरले. टाळ्या पडल्या. देशपांडे रडत आले आणि त्यांनी जमादारांचे पाय धरले. मी विंगेतून गफूरभाईंना खूण केली.

पडदा हलला नाही.

मी पुन्हा खूण केली. गफूरभाईंनी माझ्याकडे बघितलेही नाही. ते जमादारांच्या हाताकडे बघत होते आणि जमादारांनी हात वर केलेला नव्हता, आडवाही फिरवलेला नव्हता. मी जवळ जाऊन कानात सांगितले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "जमादारचा हुकूम नाई ना, साहेब."

जमादारांनी देशपांड्यांना दंडाला धरून उठवले आणि बाजूला उभे केले. मग कुऱ्हाडीने पहिल्या गाठीची पट्टी तोडली. देशपांड्यांकडे यापुढे संवाद नव्हते. ते हात जोडून उभे राहिले. सभागृहात कोणीतरी हसले. पहिली गाठ उघडून, हात घालून बघितली. मग दुसरी. स्टेजवर रुईचा ढीग झाला. मला वाटले होते की शिट्ट्या सुरू होतील. पण मागच्या रांगांमध्ये परतवाडा, अचलपूर, मूर्तिजापूरकडची माणसे होती. त्यांना गाठ म्हणजे काय ते माहीत होते. त्यांचे हसणे थांबले. एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "आता बरोबर करून राहिला."

तिसऱ्या गाठीत जमादारांचा हात कोपरापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी हात बाहेर काढला. मुठीतली रुई काळी होती.

धुपाटण्यातला निखारा गोणपाटाच्या भोकातून गाठीत गेला होता. हे नाटकात नव्हते. स्टेजच्या मागे कापडी पडदे होते आणि समोर पाच-सहाशे माणसे. जमादारांनी हात वर केला. विंगेत भरून ठेवलेल्या बादल्या दोघांनी आणल्या. त्या बादल्या तिथे का ठेवल्या आहेत हेही मी कधी विचारले नव्हते. कोणी धावले नाही, कोणी ओरडले नाही. गाठ पूर्ण फोडून, भिजवून, पुन्हा हाताने चाचपून झाली. चौथी गाठ उघडली, ती गार होती. मग जमादारांनी हात आडवा फिरवला आणि गफूरभाईंनी पडदा पाडला. प्रयोग एक्कावन्न मिनिटे चालला होता.

डेप्युटी सेक्रेटरी आत आले. धूर फार खरा वाटला, असे त्यांनी चीफ ऑफिसरांना सांगितले. चीफ ऑफिसर आभार मानू लागले. जमादारांनी खिशातून भिजवलेल्या काळ्या रुईची मूठ काढून साहेबांपुढे धरली आणि झाले ते सांगितले. चीफ ऑफिसरांचा चेहरा उतरला. साहेबांनी ती रुई हातात घेतली. एका गाठीला इतका वेळ, तर फॅक्टरीत किती लागतो, असे त्यांनी विचारले.

"शंभर गाठी असल्या तं दोन दिवस," जमादार म्हणाले. "तवर बंब तिथंच. गावात दुसरीकडं लागली तं आमी जाऊ शकत नाई. मनून दुसरा पायजे."

साहेबांनी खिशातून डायरी काढली आणि काहीतरी लिहून घेतले.

मी बाजूला उभा होतो. माझ्या नाटकात बंब वीस मिनिटांत मोकळा होत होता. तो बघून कोणत्याही अधिकाऱ्याने हेच ठरवले असते की अकोल्याला एक बंब पुरतो.

परतीच्या गाडीत मी जमादारांना विचारले की बंब दोन दिवस अडकतो हे तालमीत का सांगितले नाही.

"तुमी इचारलं नाई," ते म्हणाले आणि डब्यातली भाकर माझ्यापुढे सरकवली. "मले वाटलं, पेपरवाले हायेत, मालूमच असन."

वेळेची मर्यादा ओलांडल्याने आमची एकांकिका स्पर्धेतून बाद झाली. धुराच्या परिणामाबद्दल परीक्षकांनी नेपथ्याचे उत्तेजनार्थ बक्षीस दिले. ते घ्यायला देशपांडे गेले. दुसरा बंब पुढच्या कापसाच्या हंगामात आला नाही, त्याच्या पुढच्या हंगामात आला.

रिपोर्टरला पहिल्या दिवशी शिकवतात की काय, कुठे, केव्हा, कोणी आणि का, एवढे विचारल्याशिवाय बातमी लिहू नये. जमादारांनी कागद परत केले, त्या दिवशी मी त्यांना बरेच काही सांगितले होते. विचारले काहीच नव्हते.