बाळारामच्या अंगावरची घोंगडी

दामूमामा गेला तेव्हा मी त्याच हॉस्पिटलच्या खाली, अंबरनाथच्या गजबजलेल्या रस्त्यावर चहा पीत होते. भेटायची वेळ संपली म्हणून नर्सने मला आयसीयूबाहेर काढलं होतं. वरून फोन आला, ‘लवकर या.’ मी धावत जिने चढले, पण तोवर सगळं आटोपलं होतं... शेवटच्या क्षणी त्याच्याजवळ आपलं कुणीच नव्हतं, हे मला अजून सोसत नाही.

मामा फौजी. पण शिस्त नावालाही नाही. लग्नाला जायचा तो मांडव उतरवायच्या वेळी. शौर्याच्या गप्पा मारायला सांगितलं की वैतागायचा. एकाहत्तरच्या डिसेंबरात तो राजस्थानच्या सीमेवर खंदकात होता. “लढाई लढाई करता, मला काय दिसलं? समोरचा वाळूचा ढीग. डोक्यावरून विमान गेलं का तोंड खाली. आपलं का त्यांचं, ते मागून बघायचं. आन् दर्यावर काय चाललंय, ते तर घरी आल्यावर कळलं.” दर्यावर त्याचा जिवलग दोस्त होता, बाळाराम. बदलापूर गावात दोघांची घरं समोरासमोर. एक पायदळात गेला, एक नौदलात. बाळारामचं जहाज त्या हिवाळ्यात बुडालं. घरी फक्त तार आली.

पुढे मामा सुटीवर आला. त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायला आजी दारात उभी होती. मामा आईकडे न जाता समोरच्या दारात जाऊन उभा राहिला. बाळारामच्या आईने, बायजाईने, घरातून भाकरी आणली, त्याच्यावरून ओवाळून टाकली, पायांवर पाणी घातलं आणि विचारलं, “तू व्हतास ना रं त्याच्यासंगं? येकाच लढाईत ना तुमी?” गावाच्या लेखी लढाई म्हणजे एकच शेत, दोन पोरं गेली म्हणजे शेजारी शेजारी लढली असणार. कुठे वाळवंट, कुठे अरबी समुद्र! मामाने खरं सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते, “व्हतो आय. शेवटपर्यंत व्हतो.”

एकदा बोलला तो कायमचा अडकला. दर हिवाळ्यात बायजाई विचारायची आणि मामा बाळारामला आपल्या खंदकात आणून बसवायचा. तो काय खायचा, कुणाची नक्कल करायचा... “थंडी वाजत व्हती का रं त्याला?” हा तिचा शेवटचा प्रश्न. “नाय आय. माझी घोंगडी घातली व्हती त्याच्या अंगावर.” ती घोंगडी मामाने खरोखरच घरून नेली होती आणि परतही आणली होती. नौदलातलं कुणी बायजाईला भेटायला आलं की मामाच्या जिवाची घालमेल व्हायची. तिला कळलं तर ती आपल्याला दारात उभं करणार नाही, ही भीती त्याने वर्षानुवर्षं वागवली.

हॉस्पिटलात न्यायच्या आधी मी कुळगावातून त्याच्यासाठी चिकू घेऊन गेले होते. चिकू तसेच राहिले आणि मामा बायजाईबद्दलच बोलत बसला. तिच्या शेवटच्या आजारपणात तिने नेहमीचा प्रश्न विचारला, याने नेहमीचं उत्तर दिलं. ती हसली. “दर्यात घोंगडी घेऊन कसा गेलास रं, येड्या?”

तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. “मग दरसाल इचारत का व्हतीस?” मामाने विचारलं. ती म्हणाली, “तू सांगतोस तवर माझा पोर येकटा नसतो.”

हे सांगताना मामा लहान मुलासारखा रडला... मीही रडले.

परवा बदलापूरला गेले होते. थंडी पडली आहे. घोंगडी दारामागच्या खुंटीवर तशीच आहे, कसर लागलेली, कडेला दोन ठिकाणी रफू केलेली. मामी कांदा चिरत होती. मान वर न करता म्हणाली, “तू व्हतीस ना गं त्यांच्याजवल? थंडी वाजत व्हती का?”

आयसीयूत कुणालाही बसू देत नाहीत, हे मामीला चांगलं माहीत आहे. त्याच नर्सने तिलाही बाहेर काढलं होतं.

“होते ना मामी,” मी म्हणाले. “नीट पांघरूण घातलं होतं मी. शेवटपर्यंत हात धरून बसले होते.”

मामीने पदराने डोळे पुसले. अश्रू कांद्याचे असतील किंवा नसतील.

“फुडल्या रविवारी पन ये,” ती म्हणाली. “परत सांग.”