वडनेरची भाकरी आणि मूठभर गहू

महाराष्ट्र राज्य नवं होतं आणि मी नऊ वर्षांची होते, तेव्हाचा हा प्रवास. माझं पोट सतत बिघडायचं, खाल्लेलं अंगी लागायचं नाही. पुण्यातल्या डॉक्टरांनी गहू कायमचा बंद केला. नुसत्या भाताला मी आठवड्यातच कंटाळले आणि आईला ज्वारीची भाकरी काही जमेना. शेवटी बाबांनी आम्हा दोघींना त्यांच्या थोरल्या बहिणीकडे, वडनेर भोलजीला पाठवायचं ठरवलं.

कल्याणला गाडी बदलून नांदुरा, पुढे एसटी. नांदुऱ्याहून आजही एसटीच सोयीची आहे. जायचं तर दिवाळीनंतर जा, दोन्ही बाजूंना ज्वारी उभी असते. उन्हाळ्यात गेलात तर मला बोल लावू नका.

पहिल्याच संध्याकाळी आत्याने आईला चुलीपुढे बसवलं. आईची भाकरी परातीतच फाटली.

"थंड्या पान्यानं काऊन मळतं वं? कढत पानी घे," आत्या म्हणाली, "अन् एका भाकरीपुरतंच मळ."

आत्याची भाकरी मात्र टम्म फुगायची. पापुद्रा सोलून ती आत जवसाची चटणी, ठेचा, बारीक कांदा पसरायची आणि वर कच्च्या तेलाची धार सोडायची. मी ताटावरून उठायलाच तयार नसे.

तिसऱ्या दिवशी दुपारी पोट पुन्हा दुखू लागलं. आई माझ्या उशाशी बसून रडली. "ज्वारीही सोसत नाही हिला. आता काय घालू पोरीला?" मलाही फार भीती वाटली. आत्या दारात उभी होती, ती लगेच आत वळली.

चौथ्या दिवशी सकाळी आई ट्रंक भरत होती. आत्या तिच्यासमोर येऊन बसली.

"नको जाऊ. ज्वारीचा दोष नाही. मी दळताना ज्वारीत मूठभर गहू टाकत होती."

आईचे हात थांबले. "वन्सं, डॉक्टरांनी काय सांगितलं ते तुम्हाला माहीत होतं ना?"

"हाव, माहीत होतं. पन आमच्या इथं पाव्हन्याले गव्हाची पोयी वाढतेत, ज्वारी घरच्यायले. पुन्याहून आलेल्या लेकराले नुसती ज्वारी वाढाले जीव धजला नाही. मले वाटलं, मूठभरानं काय होते."

आई दिवसभर तिच्याशी बोलली नाही. आत्याने जातं धुतलं, उन्हात वाळवलं, पहिली दोन पायली ज्वारी दळून गुरांना घातली आणि मग माझं पीठ दळलं. पुढचे पंधरा दिवस पोट एकदाही दुखलं नाही. निघताना माझा परकर कमरेला घट्ट होऊ लागला होता.

पुण्यात परतल्यावर आईने गव्हाचा डबाच काढून टाकला. पुढे दोन वर्षांनी आत्या आमच्याकडे आली. जेवायला बसली आणि ताटाकडे बघत राहिली. भाकरी, आत जवसाची चटणी, ठेचा, कांदा.

"पोया नाही केल्या?" तिने हळूच विचारलं.

"या घरात कुणालाच पोळी नसते, वन्सं," आई म्हणाली.

आत्याने मान खाली घालून पहिला घास घेतला. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "मंग मी घरचीच झाली म्हना."

आईने तिच्या ताटात दुसरी भाकरी वाढली.